लॉच्या प्रवेश परीक्षेची तयारी: पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

लॉच्या प्रवेश परीक्षेला बसायचं ठरलं की बहुतेक जण आधी पुस्तकं गोळा करतात. एक जाडजूड गाइड, आदल्या वर्षी परीक्षा दिलेल्या कुणाच्या तरी नोट्स, मोबाइलमध्ये शे-दोनशे पीडीएफ. महिनाभरात टेबल भरून जातं आणि घड्याळ लावून सोडवलेला एकही पूर्ण पेपर नसतो. मी गेली काही वर्षं या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना शिकवते. पहिल्या भेटीत मी सगळ्यांना एकच सांगते: पुस्तकं बाजूला ठेवा, आणि एक जुना पेपर आणि पेन्सिल घेऊन बसा.

असं सांगायला कारण आहे. तुम्हाला किती कायदा येतो, हे या परीक्षा सहसा विचारत नाहीत. कायदा शिकवायला पुढे तीन किंवा पाच वर्षं आहेतच. समोरच्या कागदावर जे लिहिलं आहे तेवढंच वाचता येतं का, त्यात आपल्या मनाचं न घालता त्यातून निष्कर्ष काढता येतो का, हे त्या तपासतात. करारातल्या एका 'आणि'च्या जागी 'किंवा' असेल तर पुढची सगळी जबाबदारी बदलते. वकिलाला तो शब्द दिसावा लागतो. खालच्या सगळ्या सूचना मजकुराशी इमान राखण्याच्या या सवयीसाठीच आहेत.

आधी आपली परीक्षा ओळखा

'लॉ एन्ट्रन्स' आपण एका दमात म्हणतो, पण या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या परीक्षा येतात. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी क्लॅट असते. तिच्या पदवीच्या पेपरात १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो, चुकलं तर पाव गुण वजा होतो. इंग्रजी, चालू घडामोडी व सामान्य ज्ञान, कायदेविषयक तर्क, तार्किक विचार आणि थोडं गणित असे पाच भाग, आणि प्रश्न उताऱ्यांवर. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट वेगळी. तिथे तेवढ्याच वेळात १५० प्रश्न, त्यातले ७० एकट्या तर्काचे. महाराष्ट्राची लॉ सीईटी संगणकावर होते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. अमेरिकेतल्या लॉ स्कूलसाठीच्या एलसॅटमध्ये ३५-३५ मिनिटांचे चार भाग असतात. त्यातला एक भाग गुणांत धरत नाहीत, पण तो कोणता हे परीक्षा देताना कळत नाही, म्हणून चारही तितक्याच मनापासून सोडवावे लागतात. ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांच्या एलनॅटमध्ये १२ उताऱ्यांवरचे ४२ प्रश्न ९५ मिनिटांत सोडवायचे आणि मग ४० मिनिटांत एक निबंध लिहायचा.

हे तपशील बदलत राहतात, आणि नवख्यांची पहिली फसगत इथेच होते. क्लॅट २०१९ पर्यंत २०० सुट्या प्रश्नांची होती. २०२० मध्ये ती उताऱ्यांवर आली आणि १५० प्रश्नांची झाली. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या पेपरपासून प्रश्न १२० झाले. एलसॅटमधली 'लॉजिक गेम्स', म्हणजे अटींवरून क्रम किंवा गट लावायची कोडी, ऑगस्ट २०२४ पासून गेली. पण जुनी पुस्तकं हातोहात फिरतच असतात. एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याने तीन महिने लॅटिन सूत्रं आणि देशांच्या राजधान्या पाठ केल्या होत्या. मेहनत खरी होती, पण ती कधीच बदलून गेलेल्या पेपरसाठी झाली होती. म्हणून कुठलंही पुस्तक उघडण्याआधी परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावरची यंदाची माहितीपुस्तिका आणि नमुना पेपर उतरवून घ्या. प्रश्न किती, वेळ किती, गुण कसे कापतात, पेपर कागदावर की संगणकावर, या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिला पेपर दोन रंगांत

तयारी झाली की पेपर सोडवू, असं म्हणू नका. पहिल्याच आठवड्यात एक अधिकृत पेपर घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, घड्याळ लावा आणि निळ्या पेनने सोडवा. वेळ संपली की थांबा, पण उत्तरं तपासू नका. थोडी विश्रांती घ्या आणि तोच पेपर हिरव्या पेनने पुन्हा सोडवा, या वेळी घड्याळाशिवाय. राहिलेले प्रश्न करा, शंका होती तिथे परत विचार करा, उत्तर बदलावंसं वाटलं तर हिरव्याने बदला. मग तपासा.

निळे गुण कमी आणि हिरवे बरेच जास्त आले तर तुम्हाला समजतंय, वेग कमी पडतोय. दोन्ही जवळपास सारखे आणि कमी असतील तर अडचण समजण्यातच आहे, आणि अशा वेळी वेग वाढवण्याच्या मागे लागणं नुकसानीचं ठरतं. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, म्हणून सुरुवातीलाच निदान करून घ्यायचं. गुण पाहून खचू नका. ही फक्त सुरुवातीची नोंद आहे, ती कुणाला दाखवायचीही नाही.

वाचन

थोडा हिशेब करू. क्लॅटमध्ये एका उताऱ्यावर सरासरी पाच प्रश्न धरले तर १२० प्रश्नांसाठी २४ उतारे होतात. उतारा साधारण ४५० शब्दांचा धरला तर १०,८०० शब्द. मिनिटाला २०० शब्द या वेगाने वाचणाऱ्याची ५४ मिनिटं नुसते उतारे वाचण्यात जातात. उरलेल्या ६६ मिनिटांत १२० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ३३ सेकंद, आणि त्यातच चार पर्याय वाचायचे. गणिताचे उतारे छोटे असतात, त्यामुळे खरा आकडा थोडा बरा निघेल, पण मुद्दा तोच राहतो. पेपरचा निम्मा वेळ वाचनात जातो आणि नेमका वाचनाचाच सराव कुणी करत नाही.

रोज एक लेख घ्या, परीक्षेच्या भाषेतला. परीक्षा इंग्रजीत असेल तर लेख इंग्रजीच हवा. अर्थशास्त्र, विज्ञान, इतिहास, न्यायालयांचे निर्णय, कला यांपैकी आपल्याला ज्याचा कंटाळा येतो तो विषय आठवड्यातून दोनदा तरी यायला हवा, कारण उतारे निवडताना आपली आवड कुणी विचारत नाही. लेख एकदा सलग वाचा. अडलेल्या शब्दापाशी थांबू नका, खाली रेघ मारून पुढे जा. मग लेख बंद करून तीन ओळी लिहा: लेखकाचं म्हणणं काय, त्याचा आधार काय, आणि तो कुठे माघार घेतो किंवा अपवाद मान्य करतो. तिसरी ओळ सगळ्यात जास्त चुकते. लेखक 'बहुतांश वेळा' म्हणतो आणि आपण 'नेहमी' लिहून मोकळे होतो. आता लेख उघडून आपल्या तीन ओळी त्याच्याशी ताडून पाहा. पहिले पंधरा दिवस यात चाळीसेक मिनिटं जातील, हळूहळू पंचवीसवर येतील.

ताडताना छोट्या शब्दांवर नजर ठेवा. मराठीत 'तर' आणि 'तरच' यांत केवढा फरक आहे, पाहा. 'ओळखपत्र असेल तर आत सोडू' आणि 'ओळखपत्र असेल तरच आत सोडू'. पहिल्या वाक्यात ओळखपत्र दाखवलं की काम झालं. ते नसलेल्यांचं काय, यावर वाक्य काहीच म्हणत नाही. दुसऱ्या वाक्यात ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही, पण ते असूनही दुसऱ्या एखाद्या कारणाने अडवू शकतात. इंग्रजीत हाच फरक 'इफ' आणि 'ओन्ली इफ'मध्ये असतो, आणि 'अनलेस' आला की बरेच जण गडबडतात. 'अनलेस' दिसला की मनात 'नसेल तर' असं वाचा, वाक्य सरळ होतं. या तीन शब्दांवर माझ्या वर्गात एक अख्खा आठवडा जातो आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

शब्दसंग्रहाच्या याद्या पाठ करू नका. रेघ मारलेला शब्द दुसऱ्या वाचनात आधी संदर्भावरून ओळखा, मगच शब्दकोश बघा आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्यच वहीत उतरवा.

कायदेविषयक तर्क: छत्रीचा खटला

या भागात एक तत्त्व दिलेलं असतं, एक हकीकत असते, आणि तत्त्व हकिकतीला लावायचं असतं. एक उदाहरण सावकाश सोडवू.

तत्त्व: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घेण्याच्या हेतूने जो हलवतो, तो चोरी करतो.

हकीकत: वाचनालयातून निघताना रवीने दाराजवळच्या स्टँडमधली काळी छत्री आपलीच समजून उचलली. घरी पोचल्यावर मुठीवर दुसऱ्या कुणाचं नाव कोरलेलं दिसलं. छत्री चांगली होती. त्याने ती ठेवून घेतली. रवीने चोरी केली का?

(क) हो, कारण दुसऱ्याची आहे हे कळूनही त्याने ती ठेवून घेतली.
(ख) हो, कारण मालकाची संमती नव्हती.
(ग) नाही, कारण छत्री हलवताना त्याचा हेतू अप्रामाणिक नव्हता.
(घ) नाही, कारण मालकाने छत्री निष्काळजीपणे ठेवली होती.

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात (क)साठी वर जातात. रवी चुकीचं वागला हे सगळ्यांना मनातून पटलेलं असतं. पण प्रश्न तो नाहीच. तत्त्वाचे तुकडे करा आणि एकेकासमोर हो किंवा नाही लिहा. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू? हो. जंगम? हो. संमती नव्हती? नव्हती. हलवली? हो. हलवताना अप्रामाणिकपणे घेण्याचा हेतू होता? नाही, त्याला ती स्वतःची वाटत होती. हेतू नंतर बदलला, पण तोवर छत्री मालकाच्या ताब्यात राहिलेली नव्हती. एक तुकडा गळला की तत्त्व लागू होत नाही. उत्तर (ग).

चुकीचे पर्याय कसे बेतलेत, तेही बघा. (ख)मधलं वाक्य खरं आहे, पण पाचांतली एकच अट सांगतं. (घ)चा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्याचं कारण तत्त्वात कुठेच नाही. मालकाने काळजी घ्यायला हवी होती असं तत्त्व म्हणत नाही. (क) आपल्या नीतिबुद्धीला हात घालतो. कायदेविषयक तर्काचे बहुतेक सापळे या तीन जातींचे असतात: अर्धवट खरं, बाहेरून आणलेलं, आणि मनाला पटणारं. भारतीय फौजदारी कायद्यातही रवीच्या वागण्याला चोरी म्हणत नाहीत. चूक कळल्यावरही वस्तू अप्रामाणिकपणे ठेवून घेणं हा मालमत्तेच्या अपहाराचा वेगळा गुन्हा आहे. पण उत्तर देण्यासाठी हे माहीत असण्याची गरज नव्हती. दिलेलं तत्त्व प्रत्यक्ष कायद्यापेक्षा वेगळं असलं तरी त्या प्रश्नापुरता तोच कायदा.

आता याच प्रश्नावर खरा सराव करा: हकिकतीतली एकच गोष्ट बदला आणि पुन्हा सोडवा. रवीला नाव स्टँडपाशीच दिसलं असतं तर? मालकाने आदल्या दिवशी 'लागली तर ने' असं सांगितलं असतं तर? एका प्रश्नाचे असे चार प्रश्न करणारा विद्यार्थी नवे चाळीस प्रश्न भराभर सोडवणाऱ्याच्या पुढे जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

कायद्याची थोडी ओळख असली तर बिघडत नाही. करार, अपकृत्य (करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केल्याची जबाबदारी) आणि राज्यघटना यांतले मूळ शब्द कानावरून गेले असतील तर उतारा परका वाटत नाही. १९३२ चा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला वेळ काढून वाचा. आल्याच्या पेयाच्या बाटलीत गोगलगाय असल्याची तक्रार होती, आणि बाटली विकत घेतली होती पिणाऱ्या बाईंच्या मैत्रिणीने. म्हणजे बाईंचा कुणाशीच करार झालेला नव्हता. तरीही उत्पादकाची त्यांच्याबद्दल काही जबाबदारी असते का, हा प्रश्न होता. न्यायाधीश एका हकिकतीतून तत्त्व कसं घडवतात ते इथे दिसतं. परीक्षेत आपण तोच रस्ता उलट दिशेने चालतो.

तर्क: भोक शोधा

तार्किक प्रश्नांत युक्तिवाद दिलेला असतो, आणि त्यात काय गृहीत धरलंय, तो कशाने कमकुवत होईल किंवा कशाने बळकट होईल हे विचारतात. समजा, कुणी म्हणालं: 'ज्यांनी भरपूर सराव चाचण्या दिल्या त्यांतल्या बहुतेकांना प्रवेश मिळाला, म्हणून भरपूर चाचण्या दिल्या की प्रवेश मिळतो.' आधी निष्कर्ष कोणता ते ठरवा: 'म्हणून'नंतरचा. आधार: आधीचा. दोघांमध्ये भोक कुठे आहे? भरपूर चाचण्या देणाऱ्यांनी कदाचित तयारीच वर्षभर आधी सुरू केली असेल. तसं असेल तर यश चाचण्यांमुळे की आधी सुरुवात केल्यामुळे, हे सांगता येत नाही. युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय नेमका हेच म्हणेल.

गृहीतक ओळखताना एक युक्ती कामाला येते. पर्याय उलटा करून वाचा. उलटा केल्यावर युक्तिवाद कोसळला तर ते गृहीतक. काहीच फरक पडला नाही तर नाही. आणि पर्याय वाचण्याआधी भोक स्वतः शोधा, पाच शब्दांत का होईना. आधी पर्याय वाचले की ते आपल्याला ओढत नेतात.

सामान्य ज्ञान आणि गणित

रोजच्या बातम्यांची महिन्याला एक वही पुरे. पण बातमी नुसती टिपू नका, तिचा माग काढा. बातमीत 'मूलभूत संरचना' हा शब्द आला तर १९७३ च्या केशवानंद भारती निकालापर्यंत मागे जा. १३ न्यायाधीशांचं पीठ, ७ विरुद्ध ६ असा निर्णय, आणि संसद घटनादुरुस्ती कुठवर करू शकते हा वाद. अशी एक बातमी अर्धा तास घेते, पण त्या विषयावरचा कुठलाही उतारा मग ओळखीचा वाटतो.

गणित ज्यांच्या परीक्षेत आहे त्यांनी शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी आणि तक्ते-आलेख एवढं आठवड्यातून तीनदा करावं. हा भाग छोटा असल्यामुळे बरेच जण तो सोडून देतात. मला ते पटत नाही. इथले गुण तुलनेने पक्के असतात.

चुकांची वही

एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळा. सराव चाचणी देणं हे अर्धं काम, आणि तेही सोपं अर्धं. दोन तासांच्या चाचणीचं परीक्षण चार तास चालायला हवं.

वही घ्या आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला चार नोंदी करा. मी काय निवडलं. ते निवडताना मनात नेमकं काय आलं. मजकुरातला कोणता शब्द माझं उत्तर खोटं ठरवतो. आणि चुकीची जात: शब्द निसटला, बाहेरचं ज्ञान आणलं, पर्याय पुरते वाचले नाहीत, घाई झाली, किंवा खरोखरच माहीत नव्हतं. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही यात लिहा, कारण ते पुढच्या वेळी चुकतील.

दुसरी नोंद प्रामाणिकपणे करणं अवघड जातं. 'निष्काळजीपणा झाला' हे कारण नाही, ते कारण शोधायचं टाळणं आहे. एका मुलीच्या वहीत सलग तीन चाचण्यांत एकच वाक्य वेगवेगळ्या प्रश्नांपुढे आलं होतं: 'दोन पर्याय उरले, त्यातला लांब निवडला.' लांब पर्याय जास्त विचारपूर्वक लिहिलेला असणार, असं तिच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं. वही नसती तर हे कळलंच नसतं. पुढचे पंधरा दिवस आम्ही एवढंच केलं: दोन पर्याय उरले की दोघांमधला वेगळा शब्द अधोरेखित करायचा आणि तो शब्द उताऱ्यात कुठे आहे ते बोटाने दाखवायचं. दाखवता आला नाही तर तो पर्याय बाद.

चार चाचण्या झाल्या की जाती मोजा. सगळ्यात जास्त वेळा आलेली जात हाच पुढच्या दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम. जमलं तर एखादा जोडीदार शोधा. चुकलेला प्रश्न त्याला समजावून सांगायचा, तो 'कुठे लिहिलंय?' एवढंच विचारत राहील. महागड्या क्लासमध्येही जे मिळेलच असं नाही, ते या प्रश्नातून मिळतं.

अंदाज मारावा का?

जिथे गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न रिकामा सोडू नका. एलसॅट, एलनॅट आणि महाराष्ट्राची सीईटी या बाबतीत सारख्या आहेत.

पाव गुण कापत असतील तर हिशेब असा. चार पर्यायांत डोळे मिटून निवडलं तर चारांतून एकदा १ गुण मिळेल आणि तीनदा पाव-पाव जाईल. चार प्रश्नांमागे पाव गुण उरतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर तीन प्रश्नांमागे अर्धा गुण उरतो. दोन बाद झाले तर दोन प्रश्नांमागे पाऊण गुण. म्हणून माझं मत: दोन पर्याय बाद झाले तर नक्की उत्तर द्या, एक बाद झाला तर सहसा द्या, आणि एकही होत नसेल तर त्या प्रश्नावर आणखी मिनिट घालवू नका. तोटा पाव गुणाचा नसतो, अडकून बसलेल्या दोन मिनिटांचा असतो.

महिन्यांची मांडणी

सहा महिने हातात असतील तर पहिले दोन वाचन आणि प्रश्नांचे प्रकार समजून घेण्यात घालवा, तो पहिला दोन रंगांतला पेपर सोडला तर घड्याळाशिवाय. पुढचे दोन एकेक भाग वेळ लावून. या काळात पंधरवड्याला एक पूर्ण पेपर. शेवटचे दोन महिने आठवड्याला एक ते दोन पूर्ण पेपर आणि बाकीचे दिवस परीक्षणाला. तीनच महिने असतील तर प्रत्येक टप्पा निम्मा करा, पण पहिला गाळू नका. शाळा-कॉलेज किंवा नोकरी सांभाळून रोजचे दोन तास निघाले तरी पुरतात, मात्र ते रोजचे हवेत. रविवारी एकदम दहा तास बसून वाचनाचा वेग वाढत नाही.

पूर्ण पेपर शक्यतो परीक्षेच्याच वेळी द्या, दुपारची परीक्षा असेल तर दुपारीच. पेपर कागदावर असेल तर उत्तरपत्रिकेचा छापील नमुना घेऊन गोळे रंगवण्याचाही सराव करा. निबंध असेल तर त्याची पहिली आठ-दहा मिनिटं बाजू ठरवण्यात आणि विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा शोधण्यात घालवा. त्या मुद्द्याला उत्तर देणारा निबंध आपोआप उभा राहतो.

परीक्षेच्या दिवशी

शेवटचे दोन दिवस नवा पेपर नको. चुकांची वही चाळा, झोप पूर्ण घ्या, प्रवेशपत्र आणि ओळखपत्र आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा. केंद्र अनोळखी असेल तर एकदा जाऊन रस्ता बघून या.

गोळे प्रत्येक उताऱ्यानंतर रंगवा. माझ्या एका विद्यार्थ्याने सगळे शेवटी रंगवायचं ठरवलं, मध्ये सोडलेल्या एका प्रश्नाची जागा मोकळी ठेवायची राहिली, आणि पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकली. हे लक्षात आलं तेव्हा तीन मिनिटं उरली होती. उताऱ्याचे पाच प्रश्न झाले की पाच गोळे, आणि प्रत्येक वेळी प्रश्नक्रमांक ताडून.

ज्या भागात तुमचा हात बसलेला आहे तिथून सुरुवात करा, हा क्रम सराव चाचण्यांमध्येच ठरवून घ्या आणि हॉलमध्ये बदलू नका. पहिलाच उतारा डोक्यावरून गेला तर तो पहिला आहे म्हणून त्याला चिकटून बसू नका. दोन परिच्छेदांनंतरही हाताला काही लागत नसेल तर समासात एक छोटं वर्तुळ करा, संगणकावर असाल तर तो प्रश्न पुन्हा पाहण्यासाठी राखून ठेवा, आणि पुढच्या उताऱ्याचं पहिलं वाक्य वाचायला घ्या.